वफ्राच्या वाळूत ठासणीची बंदूक

माझ्या माहेरी बंदूक दारामागे, केरसुणीच्या शेजारी उभी असायची. आल्यागेल्याला तिचं नवल वाटत नसे, कारण त्यांच्याही घरात ती तिथेच असे. रत्नागिरीच्या आमच्या डोंगराळ भागात भात-नाचणी करायची म्हणजे रानडुकरांशी वैर घ्यायचं. डुक्कर आम्ही खात नाही, त्यामुळे मारलेलं डुक्कर खालच्या कुणबीवाडीत जायचं आणि तिथून आमच्याकडे काकड्या आणि पडवळं यायची. भेकर किंवा ससा मिळाला तर मात्र आमच्याच चुलीवर शिजायचा.

बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, तिच्यावर काथ्याचा बोळा, मग गोळी, मग पुन्हा बोळा, आणि हे सगळं लोखंडी गजाने ठासायचं. मागच्या बाजूला कानावर, म्हणजे भोक असलेल्या छोट्या बोंडावर, ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवायची, घोडा ओढायचा आणि बार काढायचा. एक बार निघाला की सगळं पहिल्यापासून.

बाबांची बंदूक मी आठव्या वर्षापासून ठासत आले. खरं तर हे काम भावांचं, पण दोघेही भाऊ मिसरूड फुटायच्या आत बोटीवर खलाशी म्हणून गेले आणि घरात हाताशी मीच उरले. माझं ठासणं इतकं नेमकं होतं की शेजारच्या गावचे शिकारीसुद्धा आपल्या बंदुका माझ्याकडे आणून देत. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे, फुशारकी आहेच, पण खोटी नाही.

शिकारीहून पुरुष परतले की पडवीत बसत, आई पाणी आणून देई, आणि मग जमलेल्यांतला कोणीतरी एकच प्रश्न विचारी, “खांदा कसा हाय?” बार काढला की बंदूक खांद्याला जबरदस्त दणका देते, म्हणून हा प्रश्न. तो फक्त बार काढणाऱ्यालाच विचारायचा. हाकारे घालून ज्यांचा घसा बसला असेल त्यांनाही कोणी विचारत नसे, मग ठासणारीला कोण विचारणार? मी दाराआडून ऐकायची. बाबा दर वेळी खांदा चोळत म्हणायचे, “हाय जागेवर.” आणि सगळे हसायचे. मला त्या हसण्याचा हेवा वाटायचा, आणि तो मी अजूनही लपवत नाही.

बारा वर्षांची असताना एकदा मी बाबांना म्हटलं, एक बार मला काढू द्या. बाबा रागावले नाहीत. नुसते म्हणाले, “ठासायचा काम तुजा, बाय. बार माजा.” आई मात्र चुलीपुढून ओरडली, “खांदो काळोनिळो झालो तर कोण करून नेयल तुला?” विषय तिथेच संपला. पुढे मला करून नेलं ते अशा माणसाने, ज्याने बंदूक फक्त पोलिसाच्या खांद्यावर पाहिली होती.

माझा नवरा बंदरावरच्या कापडवाल्यांच्या घरातला. हिशेबाला पक्का, स्वभावाने गरीब, आणि कुठल्याही नव्या गोष्टीवर पटकन भाळणारा. कुवेतला तो तेलकंपनीच्या गोदामात कामाला होता. लग्नानंतर दोन वर्षांनी मी तिथल्या फहाहील गावात आले, तेव्हा तिथे आपला रुपया जाऊन दिनार आला होता आणि बायका अजून रुपयातच भाव विचारत होत्या. आमचं दोन खोल्यांचं घर मासळीबाजाराच्या मागे. समुद्राचा वास सारखा येत राहायचा म्हणून मला ते घर पहिल्या दिवसापासून आवडलं. समोर नाखवा लोकांची लाकडी गलबतं उभी असत आणि त्यांचे दोरखंड आपल्याकडच्याच काथ्याचे असत.

एका गुरुवारी नवरा घरी आला तो हातात एक रंगीत पुस्तक घेऊन. त्यात बंदुकांची चित्रं होती.

“एक घ्यायचीय,” तो म्हणाला.

मला वाटलं ऊन लागलंय. पाणी दिलं, बसवलं, मग हकीकत कळली. दक्षिणेकडे वफ्राला, जिथे टोमॅटोची शेतं आहेत, त्याच्या पलीकडे तेलाच्या विहिरींवर काही अमेरिकन लोक काम करत. त्यांच्यातल्या एका इंजिनिअर साहेबाचं गोदामात येणं-जाणं होतं. त्यांच्या देशात शंभर वर्षांपूर्वी आपापसात मोठं युद्ध झालं होतं, आणि त्याची आठवण म्हणून हे लोक त्या काळचे कपडे घालून, त्या काळच्या बंदुका घेऊन वाळवंटात ते युद्ध पुन्हा खेळत. खऱ्या जुन्या बंदुका महाग आणि मोडक्या, म्हणून इटलीतल्या कारागिरांनी त्यांच्या हुबेहूब नकला करायला सुरुवात केली होती. साहेबाने अशा सहा मागवल्या होत्या. माणसं कमी पडत होती, म्हणून त्याने माझ्या नवऱ्याला सैन्यात घेतलं होतं.

“कोणाची लढाई? कशावरून?” मी विचारलं.

“उत्तरेवाले निळे, दक्षिणेवाले करडे. एकाच देशातले.”

“म्हणजे भाऊबंदकी.”

“तसं नाय गे. गुलाम ठेवायचे का सोडायचे, त्याच्यावरून.”

“सोडवणारे कुठले?”

“निळे.”

“मग निळ्यांत जा. दुसऱ्यांचा कोट मी शिवायची नाय.”

कोट मीच शिवणार हे त्याने गृहीत धरलं होतं, म्हणून तो निमूटपणे निळ्यांत गेला. मी पुस्तकातलं चित्र पुन्हा उघडून पाहिलं. लांब नळी, खाली गज, मागे घोडा, घोड्याखाली टोपी बसवायचा कान. हे लोक ज्याला इतिहास म्हणत होते ती आमच्या दारामागची वस्तू होती. नवऱ्याला मी म्हटलं, बंदूक घ्या, पण निवडायला मी येणार. तो म्हणाला, तुला काय कळतंय त्यातलं? मी पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं.

वफ्राला आम्ही साहेबाच्या गाडीतून गेलो. त्याच्या लाकडी घरात पिंगपाँगच्या टेबलावर चादर अंथरून सहा बंदुका ओळीने मांडल्या होत्या. आणखी तिघे गिऱ्हाईक आले होते, एक गोवेकर कारकून आणि दोन इंग्रज. तिघेही लाकडाची चकाकी आणि पितळेची झळाळी बघत होते. माझ्या नवऱ्याने तर सगळ्यांत चकचकीत बंदूक उचलून आरशापुढे धरली. लग्नातल्या नवरदेवासारखा दिसत होता.

मी पुढे झाले. एकेका बंदुकीचा गज काढला, नळी वर धरली आणि गज आत सोडला. नळी सरळ आणि तळ स्वच्छ असेल तर गज खणखणीत वाजतो आणि किंचित उसळतो. आत कचरा किंवा गंज असेल तर बद्द आवाज येतो. नवऱ्याची चकचकीत बंदूक बद्द वाजली. मग नळीच्या तोंडाला तोंड लावून फुंकर मारली आणि दुसरा हात कानाच्या भोकापाशी धरला, हवा मोकळी येते का बघायला. मग घोडा हळूच ओढला आणि आतल्या कमानीचा आवाज ऐकला. साहेब सिगरेट विसरून माझ्याकडे बघत होता. चौथी बंदूक मी बाजूला काढली. तिच्या दस्त्याच्या लाकडात एक काळी गाठ होती, म्हणून तिला कोणी हात लावला नव्हता.

“ही,” मी म्हटलं.

साहेबाने नवऱ्याला विचारलं, तुझ्या बायकोचा बाप सैन्यात होता का? नवऱ्याने काय सांगावं? “शेतकरी,” तो म्हणाला. साहेबाला ते पटलं नाही असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

किंमत मी सांगणार नाही. सांगितली तर माझी सासू कबरीतून उठून येईल. बंदुकीचा सरकारी कागद साहेबाने आपल्या ओळखीने करून आणला, त्यावर शिक्का यायला महिना गेला, आणि मग ती आमच्या घरी आली. नवऱ्याने तिच्यासाठी भिंतीवर दोन खुंट्या ठोकल्या. मी ती उतरवली आणि दारामागे, झाडूशेजारी उभी केली. तिथे ती शोभत होती.

खेळाचा दिवस हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी ठरला. आधी नुसत्या दारूचे बार काढून लुटुपुटीची लढाई, मग जेवण, आणि जेवणानंतर खऱ्या गोळीने नेमबाजी. साठ पावलांवर तेलाची रिकामी पिंपं रंगवून ठेवणार होते. साहेबाने दारू दिली, टोप्या दिल्या, आणि स्वतः ओतलेल्या शिशाच्या गोळ्या दिल्या. एक डबा चरबीचाही दिला, गोळीला चोपडायला.

“कसली चरबी?” मी विचारलं.

नवऱ्याला माहीत नव्हतं. डब्यावर काय लिहिलंय ते दोघांनाही कळेना. अशाच बंदुकीच्या अशाच चरबीपायी एकदा सगळा हिंदुस्थान पेटला होता, एवढं मी शाळेत शिकले होते. डबा मी गच्चीवर नेऊन ठेवला आणि खोबरेल तेलात मेणबत्ती वितळवून माझी चरबी तयार केली. ती उत्तम झाली. घरात आठवडाभर खोबऱ्याचा वास येत होता.

मग पुड्या वळायला बसले. एकेका बाराची दारू आणि गोळी कागदात गुंडाळून तयार ठेवायची, म्हणजे मैदानात फक्त कागद फाडायचा आणि ठासायचं. नवरा म्हणाला, “साहेब सांगत होता, आत बोळा-बिळा काय घालायचा नाय. नुसती दारू आणि तिच्यावर गोळी.”

“साहेबाने किती डुकरं मारली?”

“माना काय म्हायत?”

“मग गप ऱ्हावा.”

मी समुद्रावर जाऊन एका नाखव्याकडून जुन्या दोरखंडाचा तुकडा मागून आणला आणि तो उकलून, चोळून मऊ काथ्या केला. गोळ्या जरा विचित्र होत्या. गोल नव्हत्या, बोराच्या बीसारख्या लांबट, आणि बुडाला पोकळ. मला वाटलं, शिसं वाचवायला साहेबाने कंजुषी केलीय. अशी पोकळ गोळी दारूवर नीट कशी बसणार? म्हणून मी प्रत्येक गोळीच्या बुडात काथ्या गच्च भरला आणि दारू आणि गोळीच्या मध्ये आणखी एक बोळा घातला. नळीच्या आत पिळाच्या खाचा होत्या, त्याही मी पाहिल्या होत्या. काजळी साचायला जागा ठेवलीय असं माझं मत झालं. प्रत्येक पुडी वळताना मी बाबांच्या शिकवणीप्रमाणे बिस्मिल्ला म्हणत होते. बारा पुड्या झाल्या. एकीतूनही दारूचा कण सांडला नाही.

आणि त्या पुड्या वळताना माझ्या मनात काय होतं ते आता सांगायला हरकत नाही. बारापैकी एक बार मला काढायचा होता. नवऱ्याला मी हे बोलले नव्हते. पण तिथे आई नव्हती, चूल नव्हती, खांदा बघून मला नाकारणारं कोणी नव्हतं. नवरा दोन-तीन बार बरे मारील, खुशीत येईल, मग त्याला सांगायचं, एक मला द्या. माझा बेत पक्का होता.

शुक्रवारी ऊन कोवळं होतं आणि वारा नव्हता. लढाई झकास झाली. निळे जिंकले. करड्यांत माणसं कमी असल्यामुळे एक जाडा इंग्रज तीनदा मेला. माझा नवरा माझ्या हातच्या कोटात असा ताठ चालत होता की मला हसूही येत होतं आणि अभिमानही वाटत होता. जेवणाला मेंढी होती. मग खुर्च्या सावलीत ओढल्या गेल्या, साहेबलोकांच्या बायका बसल्या, त्यांच्यात मीही बसले, आणि नेमबाजी सुरू झाली.

गोवेकराने पिंपाला एक गोळी लावली. इंग्रजांनी दोन-दोन. मग माझ्या नवऱ्याची पाळी आली. त्याने माझी पुडी दातांनी फाडली, नळीत ओतली, ठासली, टोपी बसवली, बंदूक खांद्याला लावली आणि बार काढला. धूर निघाला. पिंप गप्प. वीसेक पावलांवर वाळू मात्र उडाली.

दुसरा बार. पुन्हा वाळू, जरा डावीकडे. तिसऱ्या बाराला गोळी भिंगरीसारखी भणभण करत कुठे गेली ते कळलंच नाही. लोक हसायला लागले. वाईट हसत नव्हते, पण हसत होते. साहेब चालत पुढे गेला आणि वाळूतून धुमसत असलेला काथ्याचा बोळा बुटाच्या टोकाने उडवत मागे आणला. मग मोठ्याने म्हणाला, या बंदुकीत पक्ष्याने घरटं केलं होतं का? आता सगळेच हसले. बायका हसल्या. नवऱ्याचे कान लाल झाले.

तो माझ्याकडे बघत नव्हता. साहेबाने बंदूक हातात घेतली, नळीत डोकावला, मान हलवली. म्हणाला, नळीत काहीतरी दोष असावा, ही परत पाठवू, तुला दुसरी मागवून देतो. नवरा लगेच म्हणाला, “घेऊन जा. खलास.” त्याला फक्त तिथून निघायचं होतं. खांदा दाबून धरून तो उभा होता.

साहेबाने दुसऱ्या हातातली एक गोळी आमच्या खुर्च्यांपुढच्या टेबलावर ठेवली, वाळूतून उचलून आणलेली. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मी उचलून उलटी केली. बुडाची पोकळी माझ्या काथ्याने जशीच्या तशी भरलेली होती. गोळीच्या बाजूवर पिळाचा एकही ओरखडा नव्हता. शेजारी गोवेकराची पिंपातून काढलेली गोळी पडली होती. तिचं बूड फुललेलं, पुरी तळली की फुगते तसं, आणि बाजूंवर पिळाच्या रेघा स्वच्छ उमटलेल्या.

तेव्हा मला सगळं एकदम समजलं. ती पोकळी कंजुषीची नव्हती. दारूच्या जोराने गोळीचं बूड फुगायचं, त्या खाचांत घट्ट बसायचं आणि गोळी गिरकी घेत सरळ जायची. त्यासाठीच सगळी रचना होती, आणि मी त्यात काथ्या कोंबून ठेवला होता. बारा वेळा. बिस्मिल्ला म्हणत.

मला संताप आला. स्वतःचाच. गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. बंदूक सदोष ठरली असती आणि माझा मान शाबूत राहिला असता. पण मग मी निवडलेली चांगली बंदूक परत गेली असती, नवरा जन्मभर या मैदानाचं नाव काढलं की मान खाली घालणार होता, आणि माझा बार? तो तर गेलाच असता. मी उठले. खुर्ची मागे पडली, ती उचलायलाही थांबले नाही.

“बंदूक चांगली हाय,” मी नवऱ्याला म्हटलं. “पुड्या मी चुकीच्या बांधल्या. सांगा त्यांना.”

“आता कशाला...”

“सांगा.”

त्याने सांगितलं. साहेबाने भुवया उंचावल्या. मी हात पुढे केला आणि त्याने बंदूक माझ्या हातात दिली, बहुधा काय करावं हे न सुचून. मी एक पुडी फोडली, काथ्या काढून वाळूत टाकला, गोळीचं बूड हेअरपिनने कोरून स्वच्छ केलं. दारू ओतली. गोळी टोक वर धरून नळीत सोडली आणि गजाने दाबली. बोळा घातला नाही, आणि घातला नाही म्हणून हात चुकल्यासारखा वाटला. लहानपणापासूनची सवय अशी दोन श्वासांत जात नाही. पण ठासताना तोच आवाज आला, पडवीतला.

टोपी बसवली. आणि मग हाताने जे नेहमी केलं तेच केलं. ठासलेली बंदूक मी आडवी धरली आणि दस्ता पुरुषाकडे केला.

नवऱ्याने हात पुढे केला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटतं, त्याला माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं.

“माना कशाला देतेस?” तो म्हणाला. “ठासलीस तू, उडव तू.”

मी दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट बसवला, बाबा बसवायचे तसा. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खिळा, पिंपावर आणली. बिस्मिल्ला म्हटलं आणि चाप दाबला.

दणका बसला तो थेट दातांपर्यंत. डोळ्यांपुढे धूर, नाकात कुजक्या अंड्यासारखा दारूचा वास, कानात शिट्टी. आणि त्या शिट्टीच्या पलीकडून पिंपाचा आवाज आला, ठण्ण. मधोमध नव्हे, उजव्या कडेला. पण पिंपाला. मी बंदूक खाली केली. मला रडू येत होतं आणि मी तोंडभर हसत होते, आणि इतक्या लोकांपुढे मला त्याची लाज वाटली नाही.

साहेबाने टोपी काढून सलाम ठोकला. इंग्रज बायकांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने माझ्या हातातून बंदूक घेतली आणि उरलेल्या पुड्या स्वतः सोडून काथ्या काढायला बसला. पुढच्या तीन बारांत त्याने दोनदा पिंप वाजवलं. परतीच्या वाटेवर तो साहेबाला सांगत होता की घराण्यातच नेमबाजी आहे. कोणाच्या घराण्यात ते त्याने सांगितलं नाही, आणि मीही खोडून काढलं नाही.

घरी आल्यावर खांदा पाहिला. तळहाताएवढी जागा जांभळी झाली होती. नवऱ्याने तेल गरम करून लावलं आणि लावता लावता म्हणाला, बंदूक भिंतीवर नको, दारामागेच राहू दे.

दोन दिवसांनी मी बाबांना पत्र लिहिलं. हे सोपं नव्हतं. बाबांना वाचता येत नसे. माझी पत्रं शाळेचे मास्तर पडवीत बसून मोठ्याने वाचून दाखवत, आणि ऐकायला सगळी वाडी जमायची. म्हणजे जे लिहीन ते बाबांच्या बरोबर शिकारीला जाणारा प्रत्येक पुरुष ऐकणार होता. साहेबलोकांच्या मैदानात, परक्या पुरुषांपुढे, लेकीने बंदूक खांद्याला लावली, हे बाबांना कसं लागेल ते मला सांगता येत नव्हतं. एकदा लिहिलं, नवऱ्याने बार काढला. मग तो कागद फाडला. दुसऱ्यावर जसं झालं तसं लिहिलं. काथ्या कोंबल्याचंही लिहिलं. शेवटी लिहिलं की बार मी काढला आणि पिंपाला लागला. बाकी खुशाल.

उत्तर यायला महिना लागला. तेवढ्या दिवसांत मी पोस्टाच्या माणसाची वाट बघितली आणि तो आला नाही की बरंही वाटलं. उत्तर आलं ते निळ्या आंतर्देशीय पत्रासारख्या हवाई कागदावर, मास्तरांच्या गोलगोल अक्षरात. काळ्या म्हशीला रेडकू झालं. थोरल्या भावाची बोट मोंबासाला लागलीय. आईचे गुडघे धरतात, पण नमाजाला बसते. आंबा यंदा मोहरला बरा. मी वाचत खाली उतरत होते आणि माझ्या पत्राबद्दल कुठे एक शब्द नव्हता. बंदूक नाही, मैदान नाही, काहीच नाही. मला वाटलं, बाबांनी ते न ऐकल्यासारखं केलंय.

मग अगदी तळाशी, जागा उरली नव्हती म्हणून तिरक्या ओळीत मास्तरांनी लिहिलं होतं, “तुझे वडील सांगतात तसं लिहितो आहे. पडवीत सगळी मंडळी बसली आहेत आणि ते सगळ्यांसमोर विचारतात,

खांदा कसा हाय?”